वाळलेल्या द्राक्षांचें मद्य : व्हेरोना आणि खानदेश

द्राक्ष वाळलें म्हणजे त्यांतील पाणी जातें. गोडी जात नाहीं. ताज्या द्राक्षांत शेंकडा ८० च्या आसपास पाणी असतें, तर मनुकेंत तें शेंकडा १५ च्या सुमारास उरतें. जी साखर पूर्वीं घोसभर रसांत पसरलेली होती, तीच आतां मूठभर गरांत एकवटते. ही गोष्ट मनुष्याच्या ध्यानांत फार प्राचीन काळीं आली. वाळविलेल्या फळापासून होणारें पेय साध्या रसाच्या पेयाहून अधिक तीव्र व अधिक टिकाऊ असतें, हेंहि त्यास अनुभवानें कळलें.

ह्या एका अनुभवावर एकमेकांपासून दूर असलेल्या प्रदेशांत निरनिराळीं पेयें उभीं राहिलीं. त्यांपैकीं एक इटलींतील व्हेरोना शहराजवळचें आहे. दुसरें आपल्या वैद्यांच्या बुधल्यांतील द्राक्षासव. आणि ह्याच तत्त्वावर, द्राक्षाऐवजीं रानांतल्या फुलाचा उपयोग करून, सातपुड्याच्या पायथ्याशीं तिसरें पेय तयार होत आलें. तें म्हणजे मोहाची दारू. तिघांचें कूळ जवळचें, पण नशीब मात्र निरनिराळें. पहिल्यास मान मिळाला, दुसऱ्यास औषधाची पदवी मिळाली, आणि तिसऱ्याच्या वांट्यास फौजदारी आली. असें कां झालें, ह्या प्रश्नाचें उत्तर फळांत किंवा फुलांत सांपडत नाहीं. तें इतिहासांत शोधावें लागतें. त्या इतिहासांतील एक महत्त्वाचें ठाणें म्हणजे पूर्व खानदेशांतील फैजपूर हें गांव होय.

प्रथम व्हेरोनाची हकीकत पाहूं. उत्तर इटलींत अदिजे नदीच्या कांठीं हें शहर वसलेलें आहे. त्याच्या वायव्येस आल्प्स पर्वताच्या पायथ्याच्या टेंकड्यांत व्हाल्पोलिचेल्ला नांवाचा मुलूख आहे. तेथें कोर्विना, कोर्विनोने, रोंदिनेल्ला अशा काळ्या द्राक्षांच्या जाती लावतात. सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरांत निवडक घोस हातांनीं तोडून ते हवेशीर माळ्यांवर नेतात. पूर्वीं हे घोस बांबूच्या ताट्यांवर पसरीत. हल्लीं बहुधा उथळ खोके वापरतात. तेथें शंभर ते एकशेंवीस दिवस द्राक्षें वाऱ्यावर सुकतात. उन्हाचा उपयोग करीत नाहींत. टेंकडीवरचा कोरडा वारा पुरेसा होतो. ह्या मुदतींत द्राक्षांचें वजन शेंकडा ३० ते ४० नें घटतें. मग ऐन हिवाळ्यांत तीं चिरडून रस आंबावयास ठेवतात. थंडीमुळें आंबण्याची क्रिया मंद चालते आणि तिला पुष्कळ दिवस लागतात.

ही रीति अलीकडची नव्हे. आल्प्सच्या ह्या पायथ्याकडील 'रेतिक' नांवाचें मद्य रोमन लोकांच्या परिचयाचें होतें, आणि सम्राट् ऑगस्टस याला तें विशेष प्रिय होतें असें त्याचा चरित्रकार स्युटोनियस यानें नमूद केलें आहे. पुढें सहाव्या शतकांत, इटलीवर गॉथ राजांचा अंमल असतांना, कॅसिओडोरस नांवाच्या विद्वान् मंत्र्यानें राजाच्या पंक्तीसाठीं 'असिनातिकम्' हें मद्य व्हेरोनाकडून मागविलें. त्याचें तें पत्र आजहि उपलब्ध आहे. शरद ऋतूंत घरच्या मांडवावरील द्राक्षें उतरून तीं उलटीं टांगावीं, डिसेंबरपर्यंत तशींच राखावीं, आणि इतरांचीं मद्यें जुनीं होऊं लागतील तेव्हां ह्यांचा रस काढावा, अशी कृति त्यानें त्यांत वर्णिली आहे. चौदा-पंधरा शतकें लोटलीं, राज्यें आलीं आणि गेलीं. पण शेतकऱ्याच्या माळ्यावरची ही चाल मोडली नाहीं.

त्या मद्याचें जुनें रूप गोड होतें. त्यास 'रेचोतो' म्हणत. व्हेरोनाच्या बोलींत 'रेचिए' म्हणजे कान. द्राक्षाच्या घोसाला वरच्या अंगास कानासारखे दोन फांटे असतात, आणि तेथील मण्यांना ऊन अधिक मिळून ते अधिक गोड होतात. म्हणून हें नांव. रसांतील सगळी साखर आंबून संपण्यापूर्वींच क्रिया थांबते आणि उरलेली साखर मद्यास गोडी देते. परंतु एखादें पिंप दुर्लक्षित राहिलें, तर आंतील किण्व आपलें काम पुरें करतें. मग गोडी नाहींशी होते, तीव्रता वाढते आणि किंचित् कडवटपणा येतो. असें बिघडलेलें मद्य पूर्वीं कमअस्सल मानीत.

१९३६ च्या वसंत ऋतूंत नेग्रार येथील सहकारी मद्यशाळेंत असेंच एक विसरलेलें पिंप उघडण्यांत आलें, अशी कथा सांगतात. आदेलिनो लुक्केसे नांवाच्या तेथील मुख्य कारागिरानें तें चाखून पाहिलें, आणि हें नुसतें कडू नव्हे, हें 'अमारोने' आहे, असे उद्गार त्याच्या तोंडून निघाले. इटालियन भाषेंत 'अमारो' म्हणजे कडू, आणि 'अमारोने' म्हणजे थोर कडू. चुकीनें तयार झालेल्या ह्या मद्याला त्या दिवसापासून स्वतःचें नांव मिळालें. १९५० नंतर तें बाजारांत रीतसर येऊं लागलें. १९६८ सालीं इटलीच्या सरकारनें त्या प्रदेशाच्या मद्यास कायद्यानें संरक्षण दिलें, आणि २०१० सालीं अमारोनेला सर्वांत वरच्या दर्जाची मान्यता मिळाली. कोणत्या गांवचीं द्राक्षें घ्यावीं, तीं किती काळ सुकवावीं, मद्य किती वर्षें मुरवावें, हें सर्व आतां कायद्यांत लिहिलेलें आहे. शेतकऱ्याच्या माळ्यावर जें परंपरेनें चालत होतें, तेंच राज्यानें नियम म्हणून उचललें. हा मुद्दा पुढील हकीकतीसाठीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

आतां भारताकडे वळूं. द्राक्षाचें मद्य आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्यासंबंधीं एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे प्रकार दिले आहेत. त्यांपैकीं मधु म्हणजे मृद्वीकेचा, अर्थात् द्राक्षाचा रस. आणि देशावरून त्याचीं कापिशायन व हारहूरक अशीं दोन नांवें सांगितलीं आहेत. कापिशी हें नगर काबूलच्या उत्तरेस, हल्लींच्या बेग्राम गांवाच्या परिसरांत होतें. पाणिनीनें आपल्या व्याकरणांत ह्या नगरीवरून 'कापिशायन' हा शब्द साधण्यासाठीं खास सूत्र रचिलें आहे. म्हणजे द्राक्षमद्य हा त्या काळीं मुख्यतः वायव्येकडून येणारा माल होता.

कौटिल्याच्या त्याच प्रकरणांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. मद्यावर राज्याचें नियंत्रण असावें, त्याचें उत्पन्न राज्यास मिळावें, ह्याबद्दल कौटिल्य अतिशय दक्ष आहे. तरीसुद्धां कुटुंबवत्सल गृहस्थास विशेष प्रसंगीं घरीं श्वेतसुरा किंवा औषधासाठीं अरिष्ट करण्याची मोकळीक तो ठेवतो. आणि उत्सव, मेळे व यात्रा यांच्या वेळीं चार दिवसांची सूट देतो. राजाचा खजिना भरण्याची एवढी चिंता वाहणाऱ्या ह्या कठोर राजनीतिज्ञानेंहि घरच्या मडक्यावर सरसकट टाच आणली नाहीं.

चरकसंहितेंत आसवांच्या उगमद्रव्यांची एक यादी आहे. सहा धान्यें, सव्वीस फळें, अकरा मुळें, वीस सार, दहा फुलें, चार कांडें, दोन पानें, चार साली आणि एक साखर, असे मिळून चौऱ्यांशीं प्रकार तींत मोजले आहेत. फळांच्या आरंभींच मृद्वीकेचें नांव आहे. आणि दहा फुलांत मधूक, म्हणजे आपला मोह, व धातकी, म्हणजे धायटी, हीं दोन्ही आहेत. मनुका, मोह आणि धायटी हीं तिन्ही द्रव्यें एका विद्वानाच्या एका यादींत शेजारीं नांदत होतीं. एक श्रेष्ठ व दुसरें हीन, असा भेद तेथें केलेला नाहीं.

द्राक्षासवाची घरगुती व वैद्यकीय परंपरा याच ग्रंथकुळांतून आली. शार्ङ्गधरानें आसव व अरिष्ट यांतील भेद सोप्या शब्दांत सांगितला आहे. न शिजविलेल्या औषधीपासून होतें तें आसव, आणि काढ्यापासून होतें तें अरिष्ट. व्यवहारांत मात्र हीं नांवें पुष्कळदां एकमेकांच्या जागीं वापरतात. मनुका पाण्यांत उकळून पाणी चौथ्या हिश्शावर आणावयाचें, तें गाळून त्यांत गूळ विरघळवावयाचा, दालचिनी, वेलदोडे, तमालपत्र, नागकेशर, मिरीं, पिंपळी, वावडिंग यांची पूड घालावयाची, आणि बरणीचें तोंड बंद करून ती महिनाभर ठेवावयाची, अशी सामान्य कृति आहे. ह्या क्रियेस संधान म्हणतात.

येथें एक बारीक गोष्ट लक्षांत घ्यावी. मनुका उकळल्यामुळें सालीवरचें नैसर्गिक किण्व मरून जातें. मग रस आंबतो कशानें? ह्याचें उत्तर धायटीच्या फुलांत आहे. हीं लहान लाल फुलें संधानांत घालण्याचा दंडक जुन्या वैद्यांनीं घालून दिला. कारण त्यांच्यावर आणि त्यांच्या मधांत किण्व असतें. किण्व हा सजीव पदार्थ असून साखरेचें मद्यार्कांत रूपांतर तोच करतो, हें लुई पाश्चर यानें १८५७ नंतरच्या दशकांत सिद्ध केलें. आपल्या वैद्यांस सूक्ष्मदर्शक यंत्र ठाऊक नव्हतें. पण कोणतें फूल घातलें असतां मडकें जागें होतें, हें त्यांनीं शेंकडों वर्षें आधीं हेरून ठेविलें होतें. हें झुडूप सातपुड्याच्या डोंगरउतारांवर आपोआप वाढतें. द्राक्षें दूरदेशचीं असोत. पण त्यांस आंबविणारें फूल खानदेशच्या रानांत मिळत होतें.

खानदेशच्या राजकीय इतिहासांतहि मद्याची छाया अधूनमधून पडलेली दिसते. अकबरानें १६०१ च्या जानेवारींत असीरगड घेतला आणि फारुकी घराण्याचें राज्य संपविलें. पुत्र दानियाल याच्या नांवावरून त्यानें प्रांतास 'दानदेश' असें नवें नांव दिलें. हा दानियाल १६०५ सालीं बुऱ्हाणपूर येथें ऐन तारुण्यांत मद्यपानानें मृत्यु पावला. जहांगीरानें आत्मचरित्रांत ह्याची हकीकत दिली आहे. बापाच्या हुकुमानें पहारा बसला, मद्य बंद झालें. तेव्हां शाहजाद्यानें आपल्या विश्वासांतील माणसाकडून बंदुकीच्या नळींत भरून दारू आणविली. नळींतील गंज व बारूद त्या तीव्र अर्कांत उतरली आणि तेंच विष झालें. पुढें १६१५ च्या नोव्हेंबरांत इंग्रजांचा वकील सर टॉमस रो बुऱ्हाणपुरास शाहजादा परवीझ याच्या भेटीस गेला. त्यानें मद्याच्या बाटल्यांची पेटी नजर केली, आणि त्याच पेटीमुळें शाहजादा बेहोष झाल्यानें पुढची मुलाखत राहून गेली. हाहि परवीझ १६२६ सालीं त्याच शहरांत दारूपायीं वारला. फैजपुराजवळच्या सावदे स्टेशनावरून रावेरमार्गें जी आगगाडी जाते, तीच ह्या बुऱ्हाणपुरास पोंचते.

राजवाड्यांतील ह्या मद्यपानानें दोन राजपुत्रांचे प्राण घेतले. परंतु त्याला कोणी गुन्हा म्हटलें नाहीं. गुन्हा हा शब्द आला तो पुढें, आणि तो डोंगरांतील माणसाच्या नांवानें आला.

सातपुड्यांतील भिल्ल, पावरा इत्यादि लोकांच्या जीवनांत मोहाचें झाड म्हणजे कामधेनु. फाल्गुन-चैत्रांत पहांटे त्याचीं मांसल, पिंवळसर पांढरीं फुलें आपोआप गळूं लागतात. बायकामुलें टोपल्या घेऊन तीं वेंचतात व अंगणांत उन्हांत वाळवितात. वाळलेलें फूल तांबूस तपकिरी होऊन मनुकेप्रमाणें आकसतें, आणि त्याचें निम्म्याहून अधिक वजन साखरेचें असतें. दुष्काळांत हींच फुलें भाकरीच्या जागीं उपयोगीं पडतात. बियांचें तेल निघतें. उरलेलीं फुलें पाण्यांत भिजवून आंबवितात आणि मग मडक्याच्या भट्टींत गाळतात. व्हेरोनाचें मद्य नुसतें आंबविलेलें, हें मात्र गाळलेलें. त्यामुळें हें अधिक कडक. पण वाळवून साखर एकवटावी व मग आंबवावी, हें मूळ तत्त्व तेंच. जन्म, लग्न, मरण आणि देवाचा नैवेद्य, कोणताहि प्रसंग ह्या धारेवांचून पुरा होत नसे.

इंग्रजी अमलांत मद्य ही उत्पन्नाची मोठी बाब झाली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें परवान्याशिवाय दारू गाळणें, बाळगणें व विकणें हा गुन्हा ठरविला. विखुरलेल्या मडक्याच्या भट्ट्या मोडून मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांवर दारू गाळावी, तिच्यावर कर घ्यावा, आणि ती मक्तेदारानें गुत्त्यांतून विकावी, अशी नवी व्यवस्था आली. उरणच्या भट्ट्यांत मुंबईसाठीं दारू निघे, आणि तिच्यासाठीं पंचमहालांतून मोहाचीं फुलें येत. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांपुरता तर १८९२ सालीं मोहाच्या फुलांसंबंधींच एक वेगळा कायदा करण्यांत आला, आणि नुसतीं फुलें गोळा करून बाळगण्यावरहि निर्बंध बसले. मुंबई इलाख्याच्या तिजोरींत जमीनमहसुलाच्या खालोखाल अबकारीचा वांटा असूं लागला.

ह्या कायद्याचा हेतु मद्यपान थांबविण्याचा नव्हता, हें समजून घेतलें पाहिजे. दारू पिणें चालू राहावें, परंतु ती सरकारची कर भरलेली असावी, एवढाच त्याचा अर्थ होता. डोंगरांतील मनुष्यास आपल्या झाडाच्या, आपण वाळविलेल्या फुलांची दारू गाळली तर दंड. आणि तीच फुलें दुसरीकडे जाऊन बाटलींत परत आलीं, म्हणजे तीं रोख पैसे मोजून किंवा उधारीवर विकत घ्यावयाचीं. सणाला लागणारी वस्तु कर्जाचें कारण झाली. कौटिल्यानें गृहस्थाला जी चार दिवसांची सूट दिली होती, तीहि येथें राहिली नाहीं.

ह्यावरून दारू ही डोंगरवासीयांच्या सुखाची गोष्ट होती व इंग्रजांनीं ती हिरावून घेतली, असा सोपा निष्कर्ष काढणें मात्र बरोबर होणार नाहीं. दारूनें होणारी नासाडी त्या लोकांनीं स्वतः पाहिली होती, आणि तिच्याविरुद्ध पहिला जोराचा आवाजहि त्यांच्यांतूनच उठला. १९२२ च्या अखेरीस किनाऱ्याकडून उठलेली देवीची लाट दक्षिण गुजरातेंतील आदिवासींत पसरली. दारू-ताडी सोडा, असा त्या देवीचा आदेश होता, आणि हजारों लोकांनीं गुत्त्याकडे पाठ फिरविली. पश्चिम खानदेशांत तळोदें तालुक्यांतील मोरवड येथें गुलाम महाराज ह्या संतपुरुषानें आपधर्माचा उपदेश केला. दारू सोडावी, स्नान करावें, स्वच्छ राहावें आणि एकमेकांस 'आप' म्हणून आदरानें संबोधावें, हें त्यांचें सांगणें. १९३८ सालीं त्यांचें निधन झालें. त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं कार्य पुढें चालविलें. ज्यांना सावकार व शिपाई यांच्याकडून अरेतुरेच ऐकण्याची संवय होती, त्यांनीं एकमेकांस 'आप' म्हणूं लागणें आणि दारू सोडणें ह्या दोन गोष्टी एकाच शपथेंत याव्यात, यांत मोठें तथ्य आहे. मद्य सोडणें हा त्यांच्या दृष्टीनें स्वाभिमानाचा भाग होता.

ज्या १९३६ सालीं नेग्रारच्या मद्यशाळेंत तें विसरलेलें पिंप उघडलें, त्याच सालच्या डिसेंबरांत फैजपुराचें नांव सर्व हिंदुस्थानभर झालें. राष्ट्रसभेचें अधिवेशन खेड्यांत भरविण्याचा पहिला प्रयोग येथें झाला. २७ व २८ डिसेंबर रोजीं पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालीं हें अधिवेशन झालें. धनाजी नाना चौधरी यांनीं त्यासाठीं अविश्रांत श्रम केले. साने गुरुजींनीं खानदेशांतील खेडींपाडीं पालथीं घातलीं. नंदलाल बोस यांनीं बांबू, चटया व गवत अशा साध्या ग्रामीण वस्तूंनीं टिळकनगर सजविलें. शेतकऱ्यांच्या सारा, खंड व कर्जाचा कार्यक्रम ह्याच ठिकाणीं मान्य झाला.

दारूबंदी हा राष्ट्रसभेचा जुना संकल्प होता. १९३१ च्या कराचीच्या ठरावांत मादक पेयें संपूर्ण बंद करावीं, मात्र औषधी उपयोगाचा अपवाद असावा, असें कलम होतें. फैजपूरनंतर अवघ्या दोन महिन्यांत निवडणुका झाल्या आणि १९३७ च्या जुलैंत बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ मुंबई इलाख्यांत अधिकारावर आलें. अबकारी खातें डॉ. गिल्डर यांच्याकडे होतें. १९३८ सालीं अहमदाबादेंत आणि १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत दारूबंदी सुरू झाली. त्याच वर्षीं मंत्रिमंडळानें राजीनामा दिल्यामुळें काम अपुरें राहिलें. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें तें पुन्हां हातीं घेतलें.

येथें द्राक्षासवाचा प्रश्न उभा राहतो. कराचीच्या ठरावांतील 'औषधी उपयोग' ह्या दोन शब्दांचा अर्थ काय? आसवांत आणि अरिष्टांत मद्यार्क असतो; तो बाहेरून घातलेला नसून आंतच उत्पन्न झालेला असतो, एवढेंच. मग वैद्याची बरणी दारू ठरवावयाची कीं औषध? १९४९ च्या कायद्याची व्याख्या इतकी व्यापक होती कीं मद्यार्क असलेला कोणताहि द्रव पदार्थ तींत येई. मुंबईचे फ्रॅम नसरवानजी बलसारा यांनीं ह्या कायद्यास आव्हान दिलें, आणि सर्वोच्च न्यायालयानें २५ मे १९५१ रोजीं निकाल दिला. दारूबंदीचें धोरण न्यायालयानें कायम ठेविलें. परंतु मद्यार्कयुक्त औषधें व प्रसाधनें यांच्या वापरावर व खरेदीविक्रीवर त्या कायद्यानें घातलेली बंदी रद्द ठरविली. १९५५ सालीं औषधी व प्रसाधन-द्रव्यांच्या अबकारी करासंबंधीं मध्यवर्ती कायदा झाला, आणि आसवारिष्टांना कायद्यांत आपली जागा मिळाली. शहरी घराच्या कपाटांत द्राक्षासवाची बाटली निर्वेधपणें राहूं शकली. मोहाच्या मडक्यासाठीं असा दावा घेऊन न्यायालयाची पायरी चढण्यास पैसा व विद्या लागते, आणि ती पाड्यावर नव्हती.

ह्यानंतरच्या अर्धशतकांत महाराष्ट्रांतील द्राक्षाचें भाग्य फळफळलें. दौलताबादेस वर्षांतून दोनदां फळणारीं द्राक्षें चौदाव्या शतकांत इब्न बतूतानें पाहिलीं होतीं. दख्खनच्या उष्ण हवेंत वेल कधींच झोपीं जात नाहीं, म्हणून बागाइतदार आजहि एप्रिलांत एकदां आणि ऑक्टोबरांत एकदां अशी दोन वेळां छाटणी करतो आणि पीक एकदांच घेतो. नाशिक, सांगली, सोलापूर ह्या भागांत बागा वाढल्या. तासगांवच्या बाजाराचें नांव बेदाण्यासाठीं देशभर झालें. तेथें द्राक्षें औषधी द्रावणांत बुडवून सावलींत जाळ्यांच्या थरांवर सुमारें पंधरवडाभर वाळवितात. उन्हाऐवजीं सावली आणि वारा, हें व्हेरोनाचें तत्त्व कृष्णाकांठींहि दिसतें. फरक एवढाच कीं तेथें वाळलेलें द्राक्ष पिंपांत जातें आणि येथें तें शिऱ्यांत व प्रसादांत जातें.

द्राक्षाच्या मद्याचाहि उद्योग ह्याच भूमींत रुजला. नारायणगांव येथें १९८० नंतरच्या दशकांत आणि नाशिकजवळ इ. स. २००० च्या सुमारास वाइनचे कारखाने पुढें आले. महाराष्ट्र सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रिया उद्योगास उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें. २७ जानेवारी २०२२ रोजीं मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां राज्यांत मोठा वाद माजला. वाइन म्हणजे दारू नव्हे, तें शेतकऱ्याच्या फळाचें पेय आहे, असें एका पक्षाचें म्हणणें. मद्यार्क तो मद्यार्कच, असें दुसऱ्याचें. चरकाच्या यादीपुढें हा वाद ठेवला असता, तर मृद्वीका आणि मधूक ह्यांच्यांत असा भेद करण्यास तेथें आधार सांपडला नसता.

ह्याच सुमारास सातपुड्याच्या पलीकडे, मध्यप्रदेशांत, सरकारनें मोहाच्या दारूस वारशाचें मद्य म्हणून मान्यता देण्याचें धोरण २०२१ च्या नोव्हेंबरांत घोषित केलें व पुढच्या वर्षीं तें अबकारी धोरणांत समाविष्ट केलें. म्हणजे जी कृति १८७८ च्या कायद्यानें गुन्हा ठरली होती, तीच १४३ वर्षांनीं वारसा ठरूं लागली. फूल तेंच, मडकें तेंच. बदलली ती राज्यकर्त्यांची दृष्टि.

ह्या सगळ्या इतिहासांतून कोणती गोष्ट निघते? व्हेरोनाचें अमारोने गुणांनीं थोर असेल. परंतु त्याचें मोठेपण केवळ चवींत नाहीं. तेथें झाड ज्याचें, कृतिहि त्याचीच राहिली. आणि राज्यानें कायदा केला तो ती कृति राखण्यासाठीं. द्राक्षासवाच्या पाठीशीं ग्रंथ होते, वैद्य होते आणि न्यायालयांत जाण्याची ऐपत असलेला समाज होता. मोहाच्या फुलापाशीं ह्यांपैकीं कांहींच नव्हतें; कायदा तेथें आला तो वसुलीसाठीं. मद्य चांगलें कीं वाईट हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचें उत्तर गुलाम महाराजांच्या अनुयायांनीं कोणाच्या हुकुमावांचून स्वतः दिलें. पण एकाच प्रकारच्या कृतीला एके ठिकाणीं सन्मान, दुसऱ्या ठिकाणीं सवलत आणि तिसऱ्या ठिकाणीं बेडी मिळावी, ह्याचा दोष फुलावर ढकलतां येणार नाहीं.

फैजपूरच्या शिवारांत आज केळीच्या बागा आहेत. द्राक्षाचे मळे तेथें नाहींत. उत्तरेस सातपुड्याची रांग दिसते, आणि दर चैत्रांत तिच्या उतारांवर मोहाचीं फुलें अजूनहि पहांटे गळतात. बायकामुलें तीं वेंचून अंगणांत वाळत घालतात. त्यांतलीं कांहीं पोटासाठीं, कांहीं बाजारासाठीं आणि कांहीं देवासाठीं राखून ठेवलीं जातात.